तक्रारीची कॉपी द्या हो!

माईक चालू आहे ना? बरं. बाहेर फलकावर विषय लिहिलाय, आरोप झालेल्या कर्मचाऱ्याचे कायदेशीर हक्क, आणि तो वाचून मागच्या रांगेतले दोनतीन चेहरे खुललेत ते मला इथून दिसतंय. जरा दमानं घ्या. मी वकील आहे, पण बरीच वर्षं ऑफिसांच्या लैंगिक छळ तक्रार समित्यांवर बाहेरची सदस्य म्हणून बसते. लोक अजून तिला विशाखा समितीच म्हणतात, 2013 चा कायदा आला तरी 1997 च्या सुप्रीम कोर्टाच्या विशाखा निकालाचं नाव काही तोंडातून जात नाही, असो. माझं म्हणणं एवढंच की ज्याच्यावर आरोप आहे त्याला नीट ऐकलं नाही तर शेवटी तक्रार करणारीच तोंडघशी पडते.

एक किस्सा सांगते. ऑफिसचं नाव नाही घ्यायचं, गुप्ततेचं कलम माझ्यावरच उलटायचं, तपशीलही थोडे बदललेत. पहिल्या मीटिंगला गेले तर समोर अकाउंट्समधले एक गृहस्थ बसलेले, घामाघूम. त्यांना फक्त मेल आलेला, तुमच्याविरुद्ध तक्रार आहे, उद्या 11 ला हजर राहा. मी विचारलं तक्रार वाचलीत का, तर अध्यक्ष बाईच म्हणाल्या, त्यांना माहीत असेलच की! कॉपी कुठंय? तर लोखंडी कपाटात, कुलूप लावून, का तर गोपनीय. अहो, जगापासून गोपनीय, त्याच्यापासून नाही! आणि ह्या माणसाने काय केलं असेल? रात्रभर आठवून आठवून त्याने माफीच लिहून आणलेली. चहाच्या वर्गणीवरून एका मॅडमवर ओरडलो, चुकलो. एसीचा रिमोट लपवला, चुकलो. दोन्ही बायकांना पत्ताच नाही की हे महाशय त्यांची माफी मागतायत! तक्रार तिसऱ्याच मुलीची, रात्री पाठवलेल्या मेसेजची.

(हसू नका, तीन महिने गेले त्यात.)

मग मी अडूनच बसले, कॉपी दिल्याशिवाय पुढे जाणार नाही म्हटलं. कॉपी मिळाली, त्याने उत्तर दिलं, त्यातच मेसेज आपले असल्याचं कबूल केलं, लेखी माफी आणि इन्क्रिमेंट बंद. अपील केलं नाही त्याने. करायला जागाच उरली नव्हती ना!

आता उलटं उदाहरण, गोवा विद्यापीठाचं. 2009 ची चौकशी, विद्यार्थिनींच्या तक्रारी, आणि समितीने मे महिन्यात बैठकांवर बैठका लावल्या, प्राध्यापकाने तब्येतीचं कारण देऊन वेळ मागितली तरी एकतर्फी पुढे. नोकरी गेली त्याची. आणि 12 मे 2023 ला सुप्रीम कोर्टाने ते सगळं रद्द करून प्रकरण परत समितीकडे पाठवलं, का तर घाईघाईत त्याला बाजू मांडायची पुरेशी संधीच दिली नाही. चौदा वर्षं! त्या मुली तेव्हा कॉलेजात होत्या हो. खरं खोटं कोर्टाने ठरवलंच नाही, फक्त पद्धत बघितली.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. आणि जे सांगायला बोलावलंत ते राहिलंच, तर भराभर सांगते, लिहून घ्या.

तक्रार आल्यावर 7 कामाच्या दिवसांत कॉपी त्याला गेलीच पाहिजे, आणि मिळाल्यापासून 10 कामाच्या दिवसांत त्याने उत्तर द्यायचं, सोबत कागदपत्रं आणि साक्षीदारांची नावं. सुनावणीला किमान तीन सदस्य, त्यात अध्यक्ष हव्याच. सलग तीन तारखांना गैरहजर राहिला तर एकतर्फी करता येतं, पण आधी 15 दिवसांची लेखी नोटीस देऊनच. वकील आणता येत नाही, दोघांनाही, हे सांगताना माझंच नुकसान होतंय. साक्षीदाराला प्रश्न विचारायचे तर बऱ्याच ठिकाणी लिहून समितीकडे देतात आणि समिती विचारते, म्हणजे समोरासमोर आरडाओरडा नको. चौकशी 90 दिवसांत, आणि संपल्यावर 10 दिवसांत रिपोर्ट दोघांनाही. मधल्या काळात त्याची किंवा तिची बदली होऊ शकते, तिला रजा मिळू शकते, त्याचा अर्थ तो दोषी असा नाही. आणि केबिनमध्ये बोलावून राजीनामा देऊन टाका, प्रकरण मिटवू, असं एचआर म्हणालं तर ते ह्या कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही, सही करू नका. शिफारस पटली नाही तर 90 दिवसांत अपील.

हो काका, हात खाली घ्या, प्रश्न मला माहीत आहे, खोट्या तक्रारीचं काय. कलम 14 आहे. पण तक्रार सिद्ध झाली नाही म्हणजे खोटी होती असं नाही, तसं त्यातच लिहिलंय, आणि मुद्दाम खोटी केली म्हणायचं तर त्याचीही आधी चौकशी करावी लागते. तिलाही मग ऐकावं लागतं.