खटला उभा राहायच्या आधी

'सरकारी वकील' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतो तो सेशन्स कोर्टात पोलिसांचे कागद चाळणारा माणूस. तपास पोलिसांचा, दोषारोपपत्र पोलिसांचं, आणि ते कोर्टात दाखल झालं की वकिलाचं काम सुरू. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली आर. सरला खटल्यात हेच सांगितलं: दोषारोपपत्राचा निर्णय तपास अधिकाऱ्याचा, त्याआधी सरकारी वकिलाचं मत घे असं त्याला फर्मावता येत नाही. हे चित्र मनात ठेवून अमेरिकेतल्या फेडरल (केंद्राच्या कायद्याखालच्या) खटल्याची बातमी वाचायला घेतली की घोळ होतो. तिथे एफबीआयने तपासाचा डोंगर उभा केला तरी खटला करायचा की नाही, हे ठरतं त्या डिस्ट्रिक्टच्या यूएस ॲटर्नीच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या तिथल्या मुख्य वकिलाच्या, कार्यालयात.

हा घोळ आपण एकदा चांगलाच अनुभवला आहे. १२ डिसेंबर २०१३ रोजी न्यूयॉर्कच्या भारतीय वकिलातीतल्या उपमहावाणिज्यदूत देवयानी खोब्रागडे यांना अटक झाली. घरकामाच्या बाईच्या व्हिसा अर्जात पगाराची खोटी माहिती दिली, हा आरोप. भारतातला बराचसा राग यूएस ॲटर्नी प्रीत भरारा यांच्यावर निघाला. पण त्या दिवशी तीन वेगवेगळी खाती कामाला लागली होती. तपास आणि अटक अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या डिप्लोमॅटिक सिक्युरिटी या सुरक्षा शाखेची. कोर्टाच्या कोठडीत झालेली आणि संतापाचं कारण ठरलेली अंगझडती फेडरल कोर्टांची सुरक्षा सांभाळणाऱ्या यूएस मार्शल्सची. भरारांच्या कार्यालयाचा निर्णय एवढाच, की हे प्रकरण कोर्टात न्यायचं. एवढाच म्हटलं तरी सगळ्यांत वजनदार तोच.

आधी भूगोल समजून घेऊ. 'डिस्ट्रिक्ट' म्हणजे आपला जिल्हा नव्हे. देशात असे ९४ विभाग आहेत आणि यूएस ॲटर्नी ९३, कारण ग्वाम आणि नॉर्दर्न मारियाना बेटं मिळून एकच अधिकारी आहे. न्यू जर्सी हे अख्खं राज्य एक विभाग. एडिसनमधलं प्रकरण असलं तरी मुख्य कार्यालय नेवार्कला. न्यूयॉर्क राज्यात मात्र चार. मॅनहॅटन सदर्नमध्ये येतं; मधली नदी ओलांडून क्वीन्समध्ये गेलात की ईस्टर्न, त्याचं मुख्य कार्यालय ब्रुकलिनला. काउंटीचा, म्हणजे राज्यातल्या स्थानिक भागाचा, प्रॉसिक्युटर (सरकारी वकील) हा आणखी निराळा. खून, घरफोडी, दारू पिऊन गाडी चालवणं ही सहसा राज्याची कामं. फेडरल कार्यालयाला पकडायला एखादा धागा लागतो: टपाल, राज्याच्या सीमेपलीकडे गेलेला ईमेल किंवा पैसा, बँक, व्हिसा, केंद्राचा निधी.

प्रकरण सुरू होण्याच्या वाटा दोन. पहिली कम्प्लेंटची. तपास अधिकारी शपथपत्र करतो, मॅजिस्ट्रेट न्यायाधीश ते वाचून सकृद्दर्शनी कारण आहे का ते पाहतो आणि वॉरंट देतो. ही वाट झटपट, पण अटक झाल्या क्षणी घड्याळ चालू होतं. कोर्टापुढे पहिल्यांदा आणल्यापासून, आरोपी कोठडीत असेल तर १४ दिवसांत आणि जामिनावर असेल तर २१ दिवसांत प्राथमिक सुनावणी, नाहीतर त्याआधी ग्रँड ज्युरीचं इन्डाइटमेंट, म्हणजे रीतसर आरोपपत्र. आणि एरवी अटकेपासून ३० दिवसांत इन्डाइटमेंट हवंच. त्यानंतर ७० दिवसांत खटला, अर्थात वगळता येणाऱ्या दिवसांची यादी लांबलचक असल्याने हे सत्तर दिवस वर्षभरही पुरतात. दुसरी वाट म्हणजे आधी गुपचूप ग्रँड ज्युरीपुढे जायचं आणि मग अटक. पळून जाण्याची किंवा पुरावा नष्ट होण्याची भीती नसेल, तर ही दुसरीच वाट शहाणपणाची.

ग्रँड ज्युरी म्हणजे १६ ते २३ सामान्य नागरिक. खोलीत न्यायाधीश नसतो, आरोपीचा वकील नसतो. सरकारी वकील साक्षीदार आणतो, प्रश्न विचारतो, कायदा समजावतो आणि मतदानाच्या वेळी बाहेर जातो. किमान १२ जण 'हो' म्हणाले तर इन्डाइटमेंट. एकच बाजू ऐकलेली असल्याने नकार क्वचितच येतो, म्हणून खरी चाळणी या खोलीच्या आधी, कार्यालयातच लागावी लागते.

खोब्रागडे प्रकरणात पहिली वाट घेतली होती. अडीच लाख डॉलरच्या हमीवर त्या सुटल्या आणि मुदत आली १३ जानेवारी २०१४ ची. ती वाढवून मिळावी हा बचाव पक्षाचा अर्ज फेटाळला गेला. ८ जानेवारीच्या संध्याकाळी त्यांना संयुक्त राष्ट्रांतल्या भारतीय मिशनच्या अधिकारी म्हणून पूर्ण राजनैतिक संरक्षण मिळालं आणि ९ तारखेला ग्रँड ज्युरीने इन्डाइटमेंट दिलं. त्या दिवशी संरक्षण लागू होतं, एवढ्याच मुद्द्यावर न्यायाधीश शिरा शाइंडलिन यांनी १२ मार्चला ते रद्द केलं. आरोप खरे की खोटे, याला कोणी हातही लावला नाही. त्या तोवर देश सोडून गेल्या होत्या, संरक्षण संपलं होतं, आणि १४ मार्चला कार्यालयाने नवं इन्डाइटमेंट मिळवलं. आपल्याकडे 'खटला रद्द' ही बातमी आली ती जणू निर्दोष सुटका झाल्यासारखी. दोन दिवसांत उलगडा झाला.

खटला घ्यायचा की सोडायचा, याचे निकष न्याय खात्याच्या जस्टिस मॅन्युअलमध्ये लिहिलेले आहेत. सकृद्दर्शनी कारण पुरत नाही. कोर्टात ग्राह्य धरला जाईल असा पुरावा हवा, आणि त्यावर शिक्षा लागून ती अपिलातही टिकेल असं वकिलाला वाटायला हवं. शिवाय त्यात केंद्राचं ठोस हित हवं, आणि राज्याचा खटला किंवा दिवाणी कारवाई पुरेशी असेल तर हात आखडता घ्यायचा. मात्र हे मॅन्युअल आरोपीला कोर्टात हक्क म्हणून वापरता येत नाही.

तपासात ज्याचं नाव येतं तो साक्षीदार असतो, 'सब्जेक्ट' (ज्याचं वागणं तपासाच्या कक्षेत येतं असा) असतो किंवा 'टार्गेट'. टार्गेट म्हणजे ज्याच्यावर आरोप ठेवले जाण्याची दाट शक्यता आहे असा. तशी चिठ्ठी कधी येते, कधी येतच नाही. आपली शिकली-सवरलेली माणसं फसतात ती इथेच. दारात आलेल्या एजंटला चहा पाजतात आणि गोड बोलून वेळ मारून नेतात. शपथ घेतलेली नसली तरी महत्त्वाच्या मुद्द्यावर जाणूनबुजून खोटं बोलणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, शिक्षा पाच वर्षांपर्यंत. मूळ प्रकरणात काही निघालं नाही तरी हा आरोप उरतो. 'वकिलामार्फत बोलेन' एवढं म्हणणं हा मात्र गुन्हा नाही.

पुढे बहुतेकांची गाठ ज्युरीशी पडतच नाही. २०१८ मध्ये फेडरल आरोपींपैकी सुमारे ९० टक्क्यांनी गुन्हा कबूल केला. पूर्ण खटला चालला तो जेमतेम २ टक्क्यांचा. वाटाघाटी होतात त्या आरोपांच्या शब्दांवर आणि नुकसानीच्या आकड्यावर. एच-वन किंवा ग्रीन कार्डवाल्यासाठी तुरुंगाच्या महिन्यांपेक्षा तो आकडा महत्त्वाचा: फसवणुकीतलं नुकसान १०,००० डॉलरच्या वर मान्य केलं, की देशाबाहेर काढलं जाण्याची वेळ जवळजवळ ठरलेली. हा धोका आरोपीला सांगणं बचावाच्या वकिलावर २०१० च्या पडिया निकालाने बंधनकारक केलं आहे.

सरकारी बाजू कुठे चुकते? बहुतेक वेळा, आरोपीला पुरावा सोपवण्यात. आरोपीच्या फायद्याचा पुरावा त्याच्या हाती द्यायलाच हवा, हा १९६३ च्या ब्रेडी निकालाचा नियम. २०२० मध्ये सदर्न डिस्ट्रिक्टने आर्थिक निर्बंध मोडल्याचा एक खटला ज्युरीपुढे जिंकला आणि असे कागद वेळेवर न दिल्याचं उघड झाल्यावर स्वतःच तो मागे घेण्याची विनंती केली. कागद लाखोंनी, एजंट तीन खात्यांचे आणि यादी कोणा एकाच्या ताब्यात नाही, असं असलं की ही चूक घडतेच.

आता प्रमुखाविषयी. यूएस ॲटर्नीला राष्ट्राध्यक्ष नेमतात, सिनेट मंजुरी देते, मुदत चार वर्षं. हाताखालचे असिस्टंट मात्र सरकार बदललं तरी सहसा टिकून राहतात. सिनेटची मंजुरी नसेल तर न्याय खात्याचे प्रमुख असलेले ॲटर्नी जनरल १२० दिवसांसाठी हंगामी माणूस नेमू शकतात. त्यानंतर नेमणूक त्या विभागाच्या न्यायाधीशांकडे जाते. न्यू जर्सीत २०२५ साली याच मुदतीवरून वाद पेटला. तिथल्या यूएस ॲटर्नीचं काम पाहणाऱ्या अलिना हब्बा यांचं पदावर राहणं बेकायदा असल्याचा निकाल ऑगस्टमध्ये लागला आणि डिसेंबरमध्ये अपिलातही कायम झाला. तरी त्या प्रकरणातली इन्डाइटमेंट्स न्यायाधीशांनी रद्द केली नाहीत. ईस्टर्न व्हर्जिनियात नोव्हेंबरमध्ये नेमकं उलट घडलं. एफबीआयचे माजी प्रमुख जेम्स कोमी यांच्यावरचं इन्डाइटमेंट ग्रँड ज्युरीपुढे नेणारी आणि त्यावर सही करणारी एकटी हंगामी प्रमुखच होती. तिची नेमणूक अवैध ठरली आणि इन्डाइटमेंटही तिच्याबरोबर गेलं. खालच्या एखाद्या रीतसर नेमलेल्या असिस्टंटची सही त्यावर नव्हती.