व्हील जड केलं म्हणजे गाडी खरी होत नाही | असेटो कोर्सा सेटिंग

काय म्हणता, राजेहो! असेटो कोर्सासारख्या रेसिंग गेमसाठी नवीन स्टिअरिंग व्हील आलं, टेबलाला आवळलं, की पोट्टे पहिलं काम काय करतात? गेन, म्हणजे व्हीलच्या जोराची सेटिंग, थेट 100 टक्के. स्टिअरिंग जड झालं, म्हणजे गेम खरा झाला! थांबा जरा.

लॉजिटेक जी29 या व्हीलची मोटर जोर देते 2 न्यूटन-मीटरच्या आसपास. गेमनं त्याहून जास्त मागितला की व्हील कमाल जोरावर अडकून बसतं. हे झालं क्लिपिंग. मग टायरवर भार थोडा वाढला काय अन् दुप्पट झाला काय, हाताला सगळं सारखंच.

नुकसान कुठे होतं ते बघा. वळणात स्टिअरिंग आधी जड होत जातं, पण पुढचे टायर पकड सोडायच्या जरा आधी ते हलकं पडायला लागतं. कारण चाक सरळ करू पाहणारा टायरचा जोर पकडीच्या आधीच उतरतो. हाताला तेवढाच इशारा मिळतो की आता आणखी वळवू नका. क्लिपिंग नेमका तोच गिळतं, अन् गाडी नाकासमोर सरळ गवतात.

[स्क्रीनवर: इटलीतला मोंझा ट्रॅक, पॅराबोलिका वळण]

गेममध्ये उजव्या कडेच्या पट्टीतून पेडल्सचं अ‍ॅप उघडा. त्यात फोर्स फीडबॅकचा, म्हणजे व्हील हाताला देतं त्या जोराचा, दांडा दिसतो. लाल झाला की क्लिपिंग. पॅराबोलिका लांबलचक आहे, तपासायला मस्त. वळणभर दांडा लालच राहिला तर नमपॅडवरचं वजाबाकीचं बटण दाबत त्या गाडीचा गेन उतरवा. कर्बवर, म्हणजे ट्रॅकच्या कडेच्या उंच पट्टीवर, क्षणभर लाल झाला तर होऊ द्या. तेही घालवायला गेलात तर बाकी सगळं मिळमिळीत होईल. अन् हे गाडीगणिक वेगळं करायचं. डाउनफोर्सवाल्या, म्हणजे हवा खाली दाबते अशा गाडीत वेगाबरोबर टायरवरचा भार वाढतो, म्हणून तिथे गेन आणखी कमी लागतो.

रोटेशन, म्हणजे व्हील एकूण किती फिरतं ते, व्हीलच्या ड्रायव्हर सॉफ्टवेअरमध्ये अन् गेममध्ये, दोन्हीकडे 900 अंश. एवढंच.

आता टेप घ्या, एफओव्ही, म्हणजे स्क्रीनवर दिसणाऱ्या दृश्याचा कोन, ठरवू. 27 इंची स्क्रीनची उंची साधारण 34 सेंटिमीटर. डोळ्यापासून 60 सेंटिमीटरवर असेल तर उभा कोन 31 अंश येतो, अन् एफओव्हीत असेटो कोर्साला उभाच कोन लागतो. फारच कोंदट वाटलं तर आकडा फुगवू नका, स्क्रीन व्हीलच्या मागे सरकवा. 45 वर आणली की 41 अंश मिळतात. कोन खोटा ठेवला की वेग भन्नाट वाटतो, पण ब्रेकिंगचा अंदाज चुकत राहतो.

खुर्ची चाकांची आहे? ब्रेक दाबला की तुम्हीच मागे जाल. चाकं जुन्या बुटांत घाला, हलत नाही. अन् मे महिन्यात कूलर पाठीमागे ठेवा. त्याचा दमट झोत पेडलच्या सेन्सरवर नको. व्हीलसाठी साधा टेबलफॅन लावा, कारण मोटर तापली की जोर उतरतो, अन् तुम्ही पुन्हा गेन वाढवत बसता.