नागसेनवनातली कविता

नागसेनवन. आजच्या छत्रपती संभाजीनगरातलं, तेव्हाच्या औरंगाबादेतलं. निजामाचं राज्य जाऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती. १९५० साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं इथं कॉलेज काढलं, तेच पुढचं मिलिंद. सालदारांची, रोजंदारीवर राबणाऱ्यांची पोरं पत्र्याच्या ट्रंका घेऊन इथल्या होस्टेलांत राहायला आली. मराठवाड्यातली विद्रोही कविता शोधायची तर आधी या खोल्यांत डोकवावं लागतं.

१९६७ मध्ये प्रा. गंगाधर पानतावणे यांनी ‘अस्मिता’ हे नियतकालिक सुरू केलं, वर्षभरात त्याचं ‘अस्मितादर्श’ झालं. पुण्या-मुंबईची मासिकं ज्यांना विचारत नव्हती, ते इथं छापून येऊ लागले.

मग १९७२. मुंबईत टॅक्सी चालवलेल्या नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ हा कवितासंग्रह आला आणि त्याच साली दलित पँथरही. ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार. लिहिणाऱ्यांनीच संघटना काढली! कामाठीपुऱ्याच्या वेश्यावस्तीची ती भाषा मराठवाड्यातल्या पोरांना परकी वाटायला हवी होती. वाटली नाही. शिवी कुणाला दिलीय, ते त्यांना बरोबर कळत होतं. दोनच वर्षांत पँथर फुटली, मार्क्स की बुद्ध या वादावर.

२७ जुलै १९७८. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव विधिमंडळात झाला, आणि गावोगाव दलित वस्त्या पेटवल्या गेल्या. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचीराम कांबळेंचा खून झाला.

आता थोडं कडू बोलतो. शहरातली मुक्तछंदातली कविता, कितीही जहाल असली तरी, बहुतेक मासिकांत आणि परिसंवादांतच राहिली. वस्तीत पोचलं ते गाणं. लोककवी वामनदादा कर्डकांचं, त्यांच्या वाटेनं जाणाऱ्या गायन पार्ट्यांचं. ढोलकी, पेटी, मागं कोरस. अक्षरओळख नसलेल्या मावशीलाही कडवीच्या कडवी पाठ. या गाण्यांना कविता म्हणायला समीक्षकांनी फार वेळ लावला. कवींनीही, खरं तर. नामांतरासाठी तुरुंगात गेलेल्या किती जणांनी कवितासंग्रह उघडला असेल?

१४ जानेवारी १९९४. नामविस्तार झाला: डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ. ठरावानंतर पंधरा वर्षं उलटून गेली होती. तेव्हापासून दर १४ जानेवारीला विद्यापीठ गेटवर पुस्तकांचे स्टॉल लागतात आणि शेजारी गटागटांची स्टेजं. एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे नेते, पण स्पीकरवर सगळ्यांच्याच वामनदादा.