एक कागद, कप्पे तीन

श्रोतेहो, नमस्कार.

बऱ्याच वर्षांपूर्वी मी पार्सलं घरपोच करणाऱ्या एका कंपनीत होतो. एके दिवशी तक्रारींचा गठ्ठा माझ्या टेबलावर येऊन पडला. कागद दीडशे, आणि हुकूम एवढाच की वर्गवारी करून द्या. मी चार कप्पे पाडले : उशीर, उद्धट वागणूक, फोनवरच्या तक्रारी आणि इतर. संध्याकाळी बेरीज केली, तर ती भरली एकशे नव्वद!

घोळ कुठे झाला ते एका कागदानं दाखवलं. त्यावर नोंद होती, 'पार्सल चार दिवस उशिरा आलं, विचारायला गेलो तर माणूस अंगावर खेकसला.' हा उशीर की उद्धटपणा? शिवाय तक्रार फोनवरून आलेली. मी इमानेइतबारे तिन्ही कप्प्यांत एकेक रेघ ओढली होती.

न्यायशास्त्रात, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रात, व्याख्येचे दोष सांगतात, त्यातले दोन इथे उपयोगी पडतात. 'गाय म्हणजे शिंगं असलेलं जनावर' म्हटलं की म्हैसही आत शिरते, ही अतिव्याप्ती. 'तांबूस रंगाची ती गाय' म्हटलं की पांढरी गाय बाहेर राहते, ही अव्याप्ती. कप्प्यांचंही तसंच. कप्पा फार ऐसपैस असला तर शेजारच्याचा माल त्यात येतो, फार तोकडा असला तर त्याचाच माल बाहेर पडतो. मॅकिन्झी या सल्लागार कंपनीत 1963 साली रुजू झालेल्या बार्बरा मिंटो यांनी हीच शिस्त व्यवसायाच्या जगात रुजवली : कप्पे एकमेकांवर चढू नयेत आणि सगळे मिळून काही सुटू नये. इंग्रजी आद्याक्षरांवरून (MECE) तिला 'मीस' म्हणतात. नाव काही मला फारसं आवडलेलं नाही, पण शिस्त पक्की आहे.

माझ्या कप्प्यांत मुळात दोन कसोट्यांची खिचडी झाली होती. 'उशीर' सांगतो तक्रार कशाची. 'फोन' सांगतो ती आली कुठून. हे दोन वेगळे प्रश्न, त्यांचे तक्ते वेगळे. एका वेळी एकच कसोटी लावली की निम्मा गुंता तिथेच सुटतो. आणि दुसरी चूक मला त्याहून उशिरा कळली : मोजायचं काय, कागद की तक्रारी, हेच मी ठरवलं नव्हतं. त्या एका कागदात तक्रारी दोन होत्या!

आकड्यांचे कप्पे तर हमखास फसवतात. 18 ते 25 आणि 25 ते 35 असे वयोगट छापलेले तुम्ही पाहिले असतील. पंचविशीच्या माणसानं खूण कुठे करायची?

काही सुटू नये यासाठी प्रवासाचे टप्पे धरणं मला सगळ्यात सोपं वाटतं. पार्सल निघण्याआधीचा उशीर, वाटेतला उशीर, दारापाशी आल्यावरचा उशीर. चौथी जागाच उरत नाही. नफा घटला असेल तर उत्पन्न आणि खर्च, हे दोनच दरवाजे.

पण 'सगळं आलं' असं छातीठोकपणे म्हणताना जरा जपून. मेंडेलीव या रशियन रसायनशास्त्रज्ञानं 1869 मध्ये मूलद्रव्यांची सारणी मांडली आणि काही घरं मुद्दाम रिकामी ठेवली. 1875 मध्ये गॅलियम सापडलं, 1886 मध्ये जर्मेनियम, आणि दोन्ही त्या रिकाम्या घरांत जाऊन बसली. चांगली वर्गवारी काय शोधायचं तेही सांगते, ती अशी. मग 1894 मध्ये अर्गॉन हा वायू सापडला, आणि त्याला बसायला सारणीत रिकामं घरसुद्धा नव्हतं. शेवटी नवा स्तंभच जोडावा लागला.

म्हणून मी 'इतर' या कप्प्याकडे डोळे वटारून पाहतो. तो नसला तर माल सुटतो, फुगला तर समजावं की एखादा स्तंभ आपल्याला दिसलेलाच नाही. माझा 'इतर' चांगलाच फुगला होता. उपसून पाहिला तर बहुतेकांचं म्हणणं एकच : पत्ता बदलल्याचं कळवलं, तरी पार्सल जुन्याच घरी गेलं. त्याचा वेगळा कप्पा केला, तेव्हा 'इतर'मध्ये चारच कागद उरले.

त्यातलं एक तर आभाराचं पत्र होतं.