शाउइन्सलांडची घाटशर्यत का थांबली

मित्रहो, जर्मनीच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, फ्रान्स आणि स्वित्झर्लंडच्या सीमांजवळ, फ्रायबुर्ग हे विद्यापीठाचं शहर आहे. शहराला लागूनच ब्लॅक फॉरेस्टचा एक डोंगर उभा आहे, शाउइन्सलांड. उंची 1284 मीटर, म्हणजे आपल्या महाबळेश्वरपेक्षा जराशी कमीच. या डोंगराच्या घाटात 1920च्या दशकापासून 1984 पर्यंत मोटारींची शर्यत भरत असे. जवळजवळ बारा किलोमीटरचा रस्ता, सुमारे 800 मीटरची चढण आणि शंभराहून अधिक वळणं. 1984 नंतर ती भरली नाही. कारण दिलं गेलं पर्यावरणाचं. मोटारींच्या शर्यतींवर माझं मनापासून प्रेम आहे, हे आधीच सांगतो. त्यामुळे ही शर्यत गेल्याचं मला दुःख आहे. तरीही ती थांबवणाऱ्यांची बाजू नीट समजून घेतल्याशिवाय त्या दुःखाला अर्थ नाही, असं मला वाटतं.

घाटशर्यत हा प्रकार सर्किटवरच्या शर्यतीपेक्षा मुळातच वेगळा. सर्किटवर पन्नास-साठ फेऱ्या असतात. एक वळण बिघडलं तर पुढच्या फेरीत सुधारता येतं. घाटात गाड्या एकेक करून सोडतात. समोर प्रतिस्पर्धी नसतो, फक्त घड्याळ असतं. प्रत्येक वळण एकदाच येतं. कुठल्या वळणानंतर रस्ता उलगडतो, कुठे झाडांच्या सावलीत डांबर ओलं राहतं, हे चालकाला पाठ असावं लागतं. डावीकडे डोंगर, उजवीकडे दरी, आणि मध्ये रोज शेतकऱ्यांच्या ट्रॅक्टरनं वापरला जाणारा रस्ता. तो रस्ता शर्यतीचा कधीच नव्हता. दोन-तीन दिवसांसाठी तो मागून घ्यावा लागे. पुढच्या सगळ्या गोष्टींचं मूळ मला इथेच दिसतं.

1930च्या दशकात इथे ऑटो युनियन या जर्मन कंपनीच्या गाड्या धावल्या. इंजिन चालकाच्या मागे, सोळा सिलिंडरचं, फर्डिनांड पोर्शे यांच्या रचनेचं. चढावर चाकं घसरू नयेत म्हणून मागे दोन्ही बाजूंना जोडचाकं लावत. हान्स स्टुक या चालकाला लोक ‘डोंगरांचा राजा’ म्हणत. त्या गाड्यांना नाझी सरकारचा पैसा होता आणि त्यांच्या विजयांचा राजवटीनं प्रचारासाठी पुरेपूर वापर केला, हेही इथेच सांगितलं पाहिजे. त्या काळाचा नुसता गौरव करणं मला पटत नाही.

मला स्वतःला जास्त भारावून टाकतो तो 1960च्या दशकाचा काळ. 1957 पासून युरोपची घाटशर्यत स्पर्धा नियमित सुरू झाली आणि शाउइन्सलांड हा तिच्यातला मानाचा टप्पा. पोर्शेचे एडगर बार्ट, नंतर गेर्हार्ड मिटर. समोर फेरारीकडून लुडोविको स्कार्फिओटी. मिटरनं 1966, 67 आणि 68 असं सलग तीनदा विजेतेपद घेतलं. या स्पर्धेसाठी पोर्शेच्या अभियंत्यांनी वजन कमी करण्याचा जो ध्यास घेतला, त्याला तोड नाही. 1968 च्या पोर्शे 909 चं वजन चारशे किलोंच्या आत होतं. ब्रेकच्या तबकड्या बेरिलियम या अतिशय हलक्या धातूच्या. पेट्रोलची टाकी टायटॅनियमची, गोलाकार, आणि पेट्रोल इंजिनात ढकलायला पंपाऐवजी नायट्रोजनचा दाब. घाट एकदाच चढायचा, मग पेट्रोलही तेवढंच घ्यायचं. काही मिनिटांच्या एका चढाईसाठी माणसं इतका विचार करतात, याचं मला आजही कौतुक वाटतं. पण त्याची किंमतही होती. त्याच 1968 च्या जूनमध्ये स्कार्फिओटी जर्मनीतल्याच रोसफेल्डच्या घाटात पोर्शे चालवताना अपघातात गेला. हलक्या गाडीत चालकाला वाचवणारं फारसं काही नसे.

आता फ्रायबुर्गमध्ये काय बदललं ते पाहू. 1975 मध्ये शहरापासून जवळच, ऱ्हाईन नदीकाठच्या व्हील गावात अणुवीज प्रकल्पाची जागा लोकांनी ताब्यात घेतली. द्राक्षबागांचे शेतकरी, विद्यार्थी, पाद्री असे सगळे एकत्र आले. तो प्रकल्प कधीच उभा राहिला नाही. 1980 मध्ये ग्रीन पक्ष याच राज्याच्या, बाडेन-व्युर्टेम्बर्गच्या, विधिमंडळात पोचला. त्याच सुमारास ‘जंगल मरतंय’ ही हाक जर्मनीभर उठली. ग्योटिंगनचे मृदाशास्त्रज्ञ बर्नहार्ड उलरिश यांनी आम्लपर्जन्यानं जमिनीचा कस कसा बिघडतो, हे दाखवून दिलं होतं. ब्लॅक फॉरेस्टमधली फरची झाडं वरून विरळ होऊ लागली, सुया पिवळ्या पडू लागल्या. ज्या जंगलाच्या नावानं तो मुलूख ओळखला जातो, तेच जंगल जाणार, अशी भीती घराघरांत शिरली. अशा वेळी त्याच झाडांमधून रेसिंग इंजिनं गर्जत नेणं लोकांना कसं वाटलं असेल, याची कल्पना आपण करू शकतो.

आता शास्त्राच्या बाजूनं पाहिलं तर वर्षातल्या एका शर्यतीच्या धुरानं ती झाडं मरत नव्हती. मोठा वाटा कोळशावरच्या वीजकेंद्रांच्या सल्फर डायऑक्साइडचा आणि रोजच्या वाहतुकीच्या धुराचा होता. उपायही तिथेच झाला: 1983 मध्ये मोठ्या भट्ट्यांवर धूर शुद्ध करण्याची सक्ती आली, नंतर शिसेविरहित पेट्रोल आणि गाडीचा धूर शुद्ध करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आले. भाकीत केल्याप्रमाणे जंगल सरसकट मेलं नाही. अलीकडे दुष्काळानं आणि सालकिड्यांनी ते पुन्हा खंगतंय, तो वेगळा विषय. गंमत पाहा, याच डोंगराच्या माथ्याजवळ जर्मन सरकारचं हवा मोजण्याचं केंद्र आहे, आणि कार्बन डायऑक्साइडची मोजणी तिथे 1972 पासून चालू आहे. म्हणजे बारा वर्षं वर हवेचं मोजमाप चाललं होतं आणि त्याच उतारावर शर्यतीचं.

मग शर्यत बंद करणं चूक होतं का? मला तसं वाटत नाही. झाडांचं कारण अपुरं होतं, पण त्यामागची मागणी खरी होती. गाड्यांपेक्षा प्रेक्षकांच्या वाहनांचा लोंढा मोठा असतो, आवाज दरीभर घुमतो, रस्ता अडतो. ज्यांच्याकडून रस्ता मागून घ्यायचा, त्यांनी तो देणं थांबवलं. ही गोष्ट आयोजकांनी फार आधी ओळखायला हवी होती. आजही त्या रस्त्यावर उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारी आणि सुट्ट्यांच्या दिवशी मोटारसायकलींना बंदी आहे. त्यावरून तिथल्या माणसांचं मन किती ठाम आहे ते कळतं.

याच्या शेजारी अमेरिकेतल्या पाइक्स पीक या डोंगरावरची घाटशर्यत ठेवून पाहा. 1916 मध्ये स्पेन्सर पेनरोझ या उद्योजकानं आपल्या नव्या रस्त्याच्या जाहिरातीसाठी ती शर्यत सुरू केली. 156 वळणं, आणि शेवट 4302 मीटर उंचीवर. दोन्ही महायुद्धांत ती रद्द झाली. 2012 मध्ये वणव्यामुळे जुलैतून ऑगस्टवर गेली, पण झाली. तिथेही पर्यावरणवाद्यांनी हरकत घेतली होती. 1998 मध्ये सिएरा क्लब कोर्टात गेला: रस्त्याची खडी पावसात वाहून ओढ्यांत आणि पाणथळ जागांत साठते, असं त्यांचं म्हणणं. तडजोडीतून रस्त्याचं डांबरीकरण ठरलं आणि 2011 मध्ये ते पूर्ण झालं. शर्यत टिकली, मात्र मातीत गाडी आडवी करत वळण घेण्याची तिची जुनी कला संपली. वेग खूप वाढला. 2011 ला कोणी पहिल्यांदा दहा मिनिटांच्या आत आलं, 2018 मध्ये रोमाँ द्युमानं फोक्सवॅगनच्या विजेवरच्या गाडीत 7 मिनिटं 57 सेकंदांत शिखर गाठलं. 2019 मध्ये कार्लिन डन हा कसलेला मोटारसायकलस्वार शेवटच्या रेषेजवळ अपघातात मरण पावला, आणि पुढे मोटारसायकलींचा वर्गच बंद झाला. म्हणजे तिथेही काही तरी रद्द झालंच, फक्त तुकड्यातुकड्यानं.

विजेच्या गाडीमुळे धुराची हरकत निकालात निघते आणि आवाजाचीही बरीचशी. म्हणून काही जण विचारतात, शाउइन्सलांडला आता काय अडचण आहे? अडचण प्रेक्षकांची आहे. त्यांना वर कसं नेणार, याचं उत्तर मात्र त्या डोंगरावर तयार आहे: पायथ्यापासून 1930 पासून चालणारा रोपवे. खाजगी वाहनांना पूर्ण मज्जाव, प्रेक्षक रोपवेनं आणि पायी, गाड्या विजेच्या, आणि घाटातल्या गावांना आधी विचारून ठरवलेला एकच दिवस. असा प्रस्ताव कोणी घेऊन गेलं आणि फ्रायबुर्गकरांनी तरीही नकार दिला, तर तो मी मान्य करीन. पण विचारायला तरी कोणी जावं, अशी माझी मनापासून इच्छा आहे.