दही घातलं म्हणून रायतं होत नाही! तोंडीलावण्याची नावं, एकदाच नीट

नमस्कार मंडळी! सणाचं ताट कसं वाढायचं तो व्हिडिओ टाकल्यापासून खाली एकच प्रश्न चाललाय. ताई, कोशिंबीर, रायतं, भरीत, पचडी, हे सगळं एकच ना? दह्यात कालवलेलं काहीतरी?

एकच नाही हो. म्हणून आज बसलेय.

आधी सोप्पं उरकून टाकते, ते तुम्हाला माहीतच आहे. ताटाच्या वरच्या बाजूला मध्ये मीठ. डाव्या हाताला लिंबाची फोड, चटणी, लोणचं, कोशिंबीर, पापड-कुरडई. उजवीकडे भाज्या आणि आमटी. मध्ये पोळी आणि वरण-भात. डावीकडचं ते तोंडीलावणं. घासाबरोबर बोटभर घ्यायचं, वाटीभर नाही. (पापड नक्की कुठे, यावर खाली भांडण लागलंय, तिकडे मी फिरकणार नाही.)

आता नावं. कोशिंबीर म्हणजे कच्चं, बारीक चिरलेलं किंवा किसलेलं. काकडी, गाजर, मुळा, कांदा-टोमॅटो. दाण्याचं कूट, साखर-मीठ, लिंबू, वरून फोडणी. भरीत म्हणजे आधी भाजलेलं किंवा उकडलेलं आणि मग कुस्करलेलं: वांगं, लाल भोपळा. पचडी आमच्याकडे बारीक चिरलेल्या कच्च्या कोबीची नाहीतर मुळ्याच्या पाल्याची. तेलुगू शेजारणीला विचारलंत तर तिची पच्चडी म्हणजे चक्क चटणी.

यात दही कुठे आलं? आलं तर आलं. खमंग काकडीत नसतंच. चोचवलेली, म्हणजे सुरीने चोचे मारून बारीक केलेली काकडी, कूट, खोबरं, हिरवी मिरची, जिऱ्याची फोडणी. भोपळ्याच्या भरतात असतं, खानदेशातल्या वांग्याच्या भरतात नसतं. म्हणजे दह्यावरून नाव ठरत नाही. हे लक्षात ठेवा, कारण आता माझ्या डोक्यात जाणारी गोष्ट येतेय.

रायतं!

मागे एका मुंजीला गेले होते. केटररने पाट्या लावलेल्या. काकडी-दही, पाटी: ‘रायता’. बुंदी-दही, ‘रायता’. अननस-दही, ‘रायता’. आणि शेवटी खमंग काकडी, दह्याचा थेंब नाही, तिच्यावर ‘कुकुंबर सॅलड’. मी तिथल्या मुलाला म्हटलं, बाळा, यात राई कुठाय? तो म्हणाला, मॅडम, पाहिजे तर आतून आणून देतो.

अहो, नावातच आहे ना! राईचा पर्वत करतो आपण, ती राई. म्हणजे मोहरी. रायत्याला दही लागतंच असं नाही, मोहरी लागते. आणि तीसुद्धा फोडणीत तडतडलेली नाही, फेसलेली.

‘फेसलेली म्हणजे काय’ असं विचारणाऱ्या कमेंट बघून मला जरा धसकाच बसला. मोहरी, किंवा मोहरीची डाळ, खलात घ्यायची. थोडं गार पाणी घालायचं आणि घोटायची. पांढरट, फेसाळ होईपर्यंत. वास नाकात चढला, डोळ्यांत पाणी आलं की झाली. घाटावरच्या खलबत्त्यात करा, मिक्सरच्या छोट्या भांड्यात करा, माझी ना नाही. पण पाणी गार. हो, गार!

गार का? मोहरीच्या दाण्यात तिखटपणाचं मूळ द्रव्य एकीकडे असतं आणि त्याला मोकळं करणारं एन्झाइम दुसरीकडे. दाणा फुटून पाणी लागलं की दोघांची गाठ पडते आणि तो झणका तयार होतो. गरम पाणी घातलंत तर एन्झाइमच निकामी होतं, मग घोटत बसा दुपारभर. फोडणीतली मोहरी खमंग लागते पण नाकाला झोंबत नाही, त्याचंही कारण हेच. तेलात ती तापलेली असते.

आता हेच दुसऱ्या बाजूने. एक ताई लिहितात, मी गारच पाणी घेतलं तरी झोंबलं नाही. खाली विचारलं तेव्हा कळलं, त्यांनी मोहरी, दही, लिंबू सगळं एकदम मिक्सरमध्ये फिरवलेलं. आंबट आलं की ते काम मंदावतं. आधी मोहरी नि पाणी, पाच-दहा मिनिटं थांबा, झणका येऊ द्या, मग दही.

आणि तिसरं म्हणजे, उकळतीत घालू नका. रायत्यासाठी भोपळा उकडला, वाफा निघतायत आणि तुम्ही वरून फेसलेली मोहरी ओतली, तर गेलं सगळं. भोपळा गार होऊ द्या. घाई असेल तर त्या दिवशी कोशिंबीर करा, तिला कोणी नाव ठेवणार नाही.

दह्याशिवायचं रायतं खाल्लंय का कधी? कोकणात जा. पिकलेले छोटे रायवळ आंबे, गूळ, फेसलेली मोहरी, मीठ, तिखट. आंब्याचं रायतं. कोपरापर्यंत ओघळ. गोव्यात यालाच मिळतंजुळतं आंब्याचं सासव करतात आणि कोंकणीत सासव म्हणजे मोहरीच. दोन्हीकडे नाव दिलंय ते मोहरीला, दह्याला नाही.

बरं, एका दादांनी लिहिलंय, ‘तुमची डावी-उजवी शहरात. आमच्याकडं भाकरी, कोरड्यास आन् कांदा.’ दादा, मान्य! कोरड्यास हा काय सुंदर शब्द आहे. कोरड्या भाकरीला ओलं करायला जे लागतं ते. मग ती आमटी असो की पातळ भाजी. ‘आज कोरड्यास काय केलंय?’ एवढं विचारलं की झालं. कालवण म्हणजे ज्यात कालवून खायचं ते. आणि जळगावकडे थंडीत शेतात भरीत पार्टी असते, तिथे त्या भरताला कोणी डावीकडे बोटभर वाढून दाखवा! ते मधोमध बसतं, तोंडी लावायला कांद्याची पात.

पंचामृतात मिरची घातल्याबद्दल मला पाप लागेल म्हणणाऱ्या काकांसाठी: काका, दूध-दही-तूप-मध-साखरेचं ते देवाचं. चिंच, गूळ, तीळ, दाणे, मिरच्यांचं हे जेवणातलं. ते तीर्थाच्या भांड्यात, हे ताटात डावीकडे.

शेवटचा प्रश्न परदेशातून. दुकानात पिवळी मोहरी मिळते, चालेल का? फेसली जाईल, पण ती जिभेला चुरचुरते, नाकात चढत नाही. तिचं मूळ द्रव्य वेगळं आहे. भारतीय दुकानातून काळी किंवा तपकिरी आणा, बारीक दाण्याची. आणि घोटताना चेहरा जरा लांब ठेवा.