काटा नेमके काय मोजतो?

गाडीत इंधन किती उरले हे दाखवणाऱ्या काट्याला खबर देणारा भाग पेट्रोलच्या टाकीत असतो. बारीक तारेच्या एका टोकाला हलका फ्लोट बसवलेला असून तो इंधनावर तरंगतो. पातळी उतरली की तारही खाली झुकते, तिचे दुसरे टोक एका छोट्या पट्टीवर सरकते आणि ते जिथे टेकेल त्याप्रमाणे विद्युतरोध बदलतो. डॅशबोर्डवरच्या काट्यापर्यंत पोहोचते ती एवढीच खबर. त्याला कळते ती पातळीची उंची, आणि त्या उंचीवरून किती लिटर उरले असतील हे केवळ ताडलेले असते.

हे ताडणे टाकीच्या आकारामुळे अवघड होते. मागचे आसन, एक्झॉस्टचा पाइप आणि चाकांची यंत्रणा यांच्यामधून जागा काढत टाकी बसवावी लागत असल्याने ती कुठे रुंद, कुठे चिंचोळी असते. काही गाड्यांत तर मधल्या उंचवट्यामुळे तिचे दोन कप्पे पडतात आणि दोन फ्लोट लागतात. शिवाय टाकी काठोकाठ भरली की फ्लोट त्याच्या सर्वांत वरच्या टोकाला अडलेला असतो, त्यामुळे पातळी त्याच्याखाली येईपर्यंत काटा जागचा हलत नाही. वरची अर्धी टाकी भरपूर पुरली आणि खालची अर्धी भराभर संपली, ही अनेक चालकांची तक्रार बहुधा इथूनच येते.

चढ, उतार, वळण आणि ब्रेक यांमुळे इंधन टाकीत हिंदकळते. जुन्या गाड्यांत त्याबरोबर काटाही डुलायचा. आता संगणक काही काळातील नोंदींची सरासरी काढतो, म्हणून काटा शांत दिसतो. मात्र तो अधिक खरा झाला असे समजू नये.

डॅशबोर्डवर दिसणारा ‘अजून इतके किलोमीटर’ हा आकडा उरलेल्या इंधनाला नुकत्याच झालेल्या खपाने भागून येतो. लांब उतारावर तो चालत्या गाडीत वाढतो आणि घाट चढू लागताच झपाट्याने घसरतो.

फोर्डच्या मॉडेल टीमध्ये पुढचे आसन उचलून टाकीत मोजपट्टी बुडवावी लागे. फोक्सवॅगन बीटलमध्ये १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत काटाच नव्हता. इंजिन अडखळू लागले की पायाजवळची कळ फिरवून राखीव साठा सुरू करायचा. आजच्या गाडीत ही कळ नाही, पण काटा तळाला टेकल्यावरही थोडे इंधन मुद्दाम राखलेले असते. त्याचा नेमका आकडा समोर दाखवत नाहीत हे एका अर्थी बरेच, कारण आकडा ठाऊक झाला की तो साठाही हमखास वापरला जातो.

आपल्या गाडीपुरता हिशेब मात्र लावता येतो. इशाऱ्याचा दिवा लागताच पंपावर जाऊन, गाडी सपाट जागी ठेवून, नोझल आपोआप बंद होईपर्यंतच टाकी भरावी. पुस्तिकेत क्षमता ५० लिटर दिली असेल आणि ४२ लिटर मावले, तर दिवा लागला तेव्हा सुमारे ८ लिटर शिल्लक होते. त्याच वेळी ट्रिप मीटर शून्यावर आणावा. पुढच्या वेळी तशीच टाकी फुल करून कापलेले अंतर भरलेल्या लिटरांनी भागले की अ‍ॅव्हरेज मिळते. अशा काही खेपांची सरासरी काट्यापेक्षा भरवशाची ठरते. नोझल बंद झाल्यावरही आणखी थोडे भरत राहिल्यास हा हिशेब बिघडतो, शिवाय पेट्रोलची वाफ शोषणाऱ्या कोळशाच्या डब्यात द्रव पेट्रोल शिरून तो निकामी होऊ शकतो.

त्या ८ लिटरांतले सगळेच वापरता येत नाहीत. तळाशी उरलेले इंधन तीव्र वळणावर एका बाजूला सरकले की पंप हवा ओढतो. टाकीतला विजेवर चालणारा पंप इंधनानेच थंड राहतो, म्हणून कोरडा चालल्यास तो खराब होऊ शकतो, आणि डिझेल गाडीत नळीत शिरलेली हवा काढल्याखेरीज इंजिन पुन्हा सुरू होणे अनेकदा अवघड जाते.